विमानातून बाबा का उतरले नाहीत

अंबरनाथ (पश्चिम)
रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

आदरणीय शंकरराव दाजी यांस,

अंबरनाथहून तुमचा मेहुणा कमळाकर याचा सविनय जय भीम. (मेहुणा अजून मानत असाल तर. नसाल तर नुसता जय भीम घ्या, तो कोणालाही चालतो.)

इकडे मी आणि बाबा ठीक आहोत, म्हणजे दोन वेळ खिचडी खाऊन माणूस जेवढा ठीक राहतो तेवढे. तिकडे तुमचं ब्लडप्रेशर, मालिनीताईची कंबर आणि दोन्ही भाच्यांची सहामाही परीक्षा यथास्थित असेल अशी आशा करतो. आईची खुशाली विचारत नाही, कारण ती उत्तम आहे हे ताईच्या पत्रातून सविस्तर कळलं. सकाळी सात वाजता उठते, चहा तिला हातात मिळतो, दुपारी झोपते, आणि परत यायचा विषय काढला की नागपूरची हवा चांगली आहे म्हणते. तिला तुमच्याकडे येऊन आज पंधरा दिवस झाले. ताईच्या प्रत्येक पत्राखाली तुम्ही तुमच्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिता, ती या वेळी नव्हती. ती रिकामी जागा मी तीन वेळा वाचली आणि मला तुमचं सगळं म्हणणं कळलं.

तुमचा राग रास्त आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही हार, फोटोग्राफर आणि पाटबंधारे खात्यातले चार सहकारी घेऊन नागपूरच्या विमानतळावर उभे राहिलात. का, तर सासरे सुदामराव भालेराव आयुष्यात पहिल्यांदा विमानाने येणार, सोबत आम्ही. आणि विमानातून उतरल्या कोण, तर सासूबाई आणि आमच्या शेजारच्या गयामावशी. सासरे नाहीत, मेहुणा नाही. हार तुम्ही गडबडीत गयामावशींच्या गळ्यात घातलात, फोटो निघाला, आणि तो फोटो मावशींनी इकडे परत आल्यावर गल्लीत घरोघर फिरवला. तेव्हा असं का झालं हे पहिल्यापासून सांगणं माझं कर्तव्य आहे. पत्र लांबेल. ऑफिसात वाचत असाल तर साहेब जेवायला गेल्यावर वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, बाबा छप्पन साली अठरा वर्षांचे असताना दीक्षेला नागपूरला गेले, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला जातात. एकाही वर्षी खंड नाही. कारखान्यात संप होता तेव्हा गेले, संप नव्हता तेव्हा रजेवर भांडण करून गेले, माझ्या जन्माच्या वेळी आई दवाखान्यात होती तेव्हाही गेले. (माझा जन्म त्यांनी येताना ऐकला. आई अजून हे शांतपणे सांगते, आणि ती शांतपणे सांगते तेव्हा बाबा उठून बाहेर जातात.) दरवर्षी कल्याणहून गाडी, डब्यात पेपर अंथरून खाली बैठक, सोबत कारखान्यातले दौलतराव आणि मंडळी. यंदा जूनमध्ये बाबा रिटायर झाले आणि त्याच महिन्यात त्यांचा डावा गुडघाही रिटायर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, रात्रभर तर अजिबात नाही. बाबा घरी येऊन दोन दिवस वळकटी काढत आणि परत ठेवत राहिले. यंदा चाळीस वर्षं पूर्ण होत होती, आणि यंदाच खंड पडणार. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की काळजी नको, मी तुम्हाला विमानाने नेतो.

आता हे जाहीर करायला माझ्याइतका लायक माणूस अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही गावांत दुसरा नाही, हे तुम्हीही मान्य कराल. आपल्या डोक्यावरून कुठलं विमान कुठे चाललंय हे मी निव्वळ आवाजावरून सांगतो. (बाबांचं म्हणणं, याला आवाजावरून आपल्या गल्लीतली रिक्षा ओळखता येत नाही. पण ते सोडा.) इंजिनं पंखाखाली असावीत की शेपटीजवळ, यावर मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये चहाच्या टपरीवर इतकी व्याख्यानं दिली आहेत की टपरीवाला आता मला बघून गिऱ्हाइकांकडे आधीच पैसे मागतो. त्यातून माझा धंदा कॉम्प्युटरचा. टेकचंदशेठच्या क्लासमध्ये, शिलाई मशीनच्या वर्कशॉपच्या वर, मी सहा वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. खरं सांगायचं तर पोरं एसीत बसायला येतात. चपला बाहेर काढायला लागतात, कारण व्हायरस चपलेतून येतो असं शेठचं ठाम मत आहे आणि फी तेच घेतात. मी एकदा शेठना म्हणालो की अजून दहा वर्षांनी माणूस घरबसल्या कॉम्प्युटरवर विमानाचं तिकीट काढेल. ते म्हणाले, "साईं, फिर ट्रॅव्हलवाला क्या खायेगा?" दूरदृष्टीच्या माणसाचं हेच दुःख असतं.

घरीही माझा स्वतःचा कॉम्प्युटर आहे, कॅम्प चारमध्ये सुटे भाग जमवून बनवलेला, तुम्ही गणपतीच्या सुटीत आलात तेव्हा पाहिलात. (ज्याला तुम्ही झाकण उघडा मिक्सर म्हणालात, तोच.) माझं मत असं आहे की घरात सांगितलेलं तंतोतंत करणारा तेवढा एकच सभासद आहे, आणि म्हणूनच त्याचं कोणाशी पटत नाही. बाकी माणसं सांगितल्यापेक्षा थोडं वेगळं करतात, त्यावर तर घर चालतं. त्याला अजून मराठी लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र हाताने लिहितो आहे आणि खाडाखोड दिसते आहे. पण त्याच्यावर विमान उडवायचा एक गेम आहे. एका मित्राने फ्लॉपीवर आणून दिला. त्यात खरोखरचं कॉकपिट दिसतं, काटे हलतात, धावपट्टी येते. तेव्हा मी ठरवलं की बाबांना एकदम विमानात बसवायचं नाही, आधी महिनाभर घरी सराव द्यायचा. शास्त्रीय पद्धत म्हणतात ती हीच.

पहिल्या दिवशी तोंडी पाठ घेतला आणि तिथेच पहिली चूक झाली. वर हवा विरळ असते, म्हणून विमानात हवा दाबून भरतात आणि दारं घट्ट लावतात, हे मला बाबांना समजेल असं सांगायचं होतं. मी म्हणालो, अगदी आपल्या प्रेशर कुकरसारखं. बाबांनी मान वर केली. आपल्या स्वयंपाकघराच्या छतावर तूरडाळीचा पिवळा डाग आहे तो तुम्ही पाहिलाय. ब्याण्णव साली आईच्या कुकरने झाकणासकट टाकलेला. बाबांनी त्या डागाकडे बघत विचारलं की शिट्टी किती वेळाने होते. मी म्हणालो विमानात शिट्टी नसते. त्याने ते अजूनच गंभीर झाले.

दुसऱ्या दिवसापासून प्रात्यक्षिक. संध्याकाळी सात ते आठ. कॉम्प्युटरपुढे दोन घडीच्या खुर्च्या, एकीवर मी पायलट, एकीवर बाबा प्रवासी. पट्टा म्हणून बाबांचा कारखान्यातला चामडी पट्टा खुर्चीला फिरवून बांधलेला. उड्डाणाच्या वेळी वारा लागावा म्हणून टेबलफॅन तीनवर. विमानात सुरुवातीला एक मुलगी ताटातून लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणते असं मी वाचलं होतं, तर ते काम आईकडे दिलं. ती बिचारी भाजी गॅसवर ठेवून पदराला हात पुसत स्टीलची ताटली घेऊन यायची, बाबांना गोळी द्यायची, कापूस द्यायची आणि दाराशी उभी राहून सगळं बघायची. मी मोठ्याने शिकवत असायचो: आता पट्टा, आता खुर्ची सरळ, आता कानाला दडे बसतील तेव्हा गोळी चघळा, आता खाली बघू नका. उड्डाण माझं उत्तम होतं, दाजी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. अडचण फक्त उतरण्याची होती. विमान उतरवायला दोन्ही हातांनी सात कळा एकदम दाबाव्या लागतात, आणि आमच्या कीबोर्डाची एक कळ कॅम्प चारची असल्याने अडकते. त्यामुळे रोज संध्याकाळी आठच्या सुमारास मी आणि बाबा समुद्रात पडायचो. एकदा डोंगरावर. एकदा उतरलो, पण रस्त्यावर, आणि एका बसवर. शुक्रवारी तर वेगळाच झोल, कारण शुक्रवारी आपल्याकडे लाइट जाते. विमान ऐन आकाशात असताना लाइट गेली, पडदा काळा झाला, आणि अंधारात बाबांचा आवाज आला की वर लाइट गेली तर काय करतात. मी म्हणालो वर लाइट जात नाही. ते म्हणाले, खाली दर शुक्रवारी जाते ती वर का जात नाही, हे मला समजावून सांग. मी मेणबत्ती शोधायला उठलो.

तिकिटं तोवर काढून झाली होती, तुम्हाला फोन झाला होता, तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि निघायला पाच दिवस राहिले असताना बाबांनी एका संध्याकाळी खुर्चीचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला, खिळ्याला अडकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सत्तावीस वेळा मेलो मी या खुर्चीवर. आता पुरे." आणि त्यांनी जाहीर केलं की गुडघा राहो की जावो, ते दौलतरावांबरोबर गाडीनेच जाणार. मी त्यांना पुष्कळ समजावलं. खरा पायलट शिकलेला असतो, त्याच्या कीबोर्डाची कळ अडकत नाही, असं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की तो पण क्लासलाच शिकला ना. मग मी कॉम्प्युटर बंद केला, कारण आमच्या क्लासमध्ये काय चालतं ते मला माहीत आहे.

आता एक तिकीट मोकळं झालं. ते तिकीट परत होईना. मी घरात बसून मोठमोठ्याने नावं घ्यायला लागलो की कोणाला नेता येईल. अमक्याला रजा नाही, तमक्याची बायको सोडणार नाही, शेठना विचारलं तर ते म्हणाले दुकान कोण बघेल. असा मी अर्धा तास गल्लीतली आणि गल्लीबाहेरची माणसं मोजत होतो. आई ताटली पुसत होती. ती म्हणाली, "मी येते की."

दाजी, मी तुम्हाला खरं सांगतो, मला क्षणभर कळलंच नाही की कोण बोललं. चौतीस वर्षं झाली त्यांच्या लग्नाला. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने भाकऱ्या बांधून दिल्या, ठेचा दिला, वळकटी बांधली, आणि दर वर्षी बाबा गेले आणि ती मागे राहिली. आधी ताई लहान होती म्हणून, मग मी, मग तिच्या घरी बसून लाटायच्या पापडांचं काम, मग पहाटेचं पाणी. दरवर्षी कारण वेगळं होतं आणि कारण शोधायला कोणी बसलं नव्हतं, ते आपोआप असायचंच. तिला यायचंय का हे बाबांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि रागावू नका, तुम्ही नागपुरात राहून तिला बावीस वेळा घरी बोलावलंत पण तुम्हीही कधी दसऱ्याला बोलावलं नाहीत. मला लाज वाटली. बाबांना काय वाटलं माहीत नाही, ते दाराशी उभे राहून गुडघा चोळत होते. मी दुसऱ्याच दिवशी कल्याणला जाऊन तिकिटावरचं नाव बदलून आणलं. तुम्हाला मात्र कळवायचं राहिलं. (राहिलं नाही. धीर झाला नाही. फोनचा रिसीव्हर दोनदा उचलला होता.)

जायच्या दिवशी आमची गल्ली. आपल्याकडे नागपूरला जाणाऱ्याला पोहोचवायला गल्ली स्टेशनपर्यंत जाते हे तुम्हाला माहीत आहे. इथे तर गल्लीतलं पहिलं माणूस विमानाने चाललेलं, आणि ते माणूस म्हणजे आमची आई, गल्लीची रखमा. कात्रपच्या आनंदा टेम्पोवाल्याने भाजीचा टेम्पो आणला, त्यात चोवीस जण बसले. बाबाही आले. त्यांची गाडी कल्याणहून संध्याकाळी सातची, विमान दुपारी अडीचचं, म्हणजे वेळ फुल्ल होता. त्यांची वळकटी दौलतराव थेट कल्याणला आणणार होते. विमानतळाच्या दारात सगळ्यांनी हात जोडून त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. एक पोलीस हटकायला म्हणून आला, मग टोपी काढून शेवटपर्यंत उभा राहिला, आणि जाताना आईला सांगून गेला की खिडकीकडची जागा माग. आईने त्याला सांगितलं की खिडकीतून खाली बघायचं नसतं. माझ्या शिकवणीतलं एवढं तरी कोणाच्या कामी आलं.

आता तुमचा प्रश्न येणार की मग मेहुणा का नाही उतरला. तर दाजी, दाराशी गयामावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आमच्या भावकीतल्या, आईच्या लग्नापासूनच्या मैत्रीण, नुसत्या पोहोचवायला आलेल्या. मी विचार केला, माझं काय, मी तरुण माणूस आहे, मला पुढे विमानाचे प्रवास पुष्कळ आहेत. दोघींनी आयुष्य काढलं एका नळावर. मी माझं तिकीट मावशींच्या हातात ठेवलं. आडनाव भालेरावच, पुढे नुसतं एक अक्षर. काउंटरवरच्या मुलीने तिकिटाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि म्हणाली लवकर जा. त्याग म्हणतात तो असा होतो, सहज, कोणाला न कळता. (मावशी घरच्या स्लिपरवर गेल्या हे खरं आहे, आणि घराची किल्ली त्यांच्या कमरेला होती, हेही. त्यांचे मिस्टर आणि दोन मुलगे त्या रात्री आमच्याकडे झोपले. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडलं.) विमानात काय झालं हे मावशी गेले आठ दिवस गल्लीत सांगताहेत. त्यांच्या सांगण्यावरून आईने शेजारच्या सुटाबुटातल्या माणसाचा पट्टा लावून दिला, त्याच्या कानाला दडे बसण्याआधी त्याला स्वतःच्या पिशवीतली गोळी दिली, आणि ताट घेऊन आलेल्या मुलीला तिच्या कामात काय सुधारणा करता येईल ते सांगितलं.

आता राहिले बाबा. त्यांची गोष्ट मला लिहायला जड जाते आहे, तरी लिहितो. आम्ही तीनला परत निघालो. ठाण्यापर्यंत गर्दी, पुढे शीळफाट्याला टेम्पोचं मागचं टायर बसलं. आनंदाने स्टेपनी काढायला हात घातला तर स्टेपनी नाही. सकाळी दोन माणसं जास्त बसावीत म्हणून तीच उतरवून गयामावशींच्या ओट्यावर ठेवली होती, आणि ती उतरवायची कल्पना माझी होती. (वजन कमी, वेग जास्त. विमानाला लागू पडतं.) रिक्षा एकही थांबेना. आनंदा चाक घेऊन पंक्चरवाला शोधायला गेला. साडेसहा झाले, मग सात झाले. बाबा रस्त्याच्या कडेला एका दगडावर गुडघा लांब करून बसले होते. सात वाजले तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि मग पुन्हा बघितलं नाही. त्यानंतरची गाडी धरून नागपूरला पोहोचेपर्यंत सोहळा आटोपला असता. चाळीस वर्षांत न पडलेला खंड तिथे त्या दगडावर पडला. वळकटी मात्र दौलतरावांनी नेली. ती वेळेवर नागपूरला पोहोचली आणि वेळेवर परतही आली.

मी जवळ जाऊन बसलो. माझ्यामुळे झालं हे दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात वरून एक विमान गेलं, दिवे लागलेलं, पूर्वेकडे. बाबांनी मान वर करून विचारलं, "ते तिचं का रे?"

दाजी, ते तिचं नव्हतं. तिचं विमान चारलाच तुमच्याकडे उतरलं होतं, तुमचा हार घालून झाला होता. आवाजावरून मला हेही कळलं होतं की हे कुठलं तरी लांबचं, मोठं विमान आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला विमानातलं पक्कं माहीत होतं आणि कोणीतरी विचारत होतं. मी हो म्हणालो. ते दिसेनासं होईपर्यंत बाबा बघत राहिले, आणि मग म्हणाले की बरीच वर गेली.

त्यानंतर पंधरा दिवस घर बाबांच्या हातात आहे. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, ते बाबा भरतात. पहिल्या दिवशी बादल्या घेऊन नळावर उभे राहिले तेव्हा बायकांनी रांग सोडून त्यांना पुढे जाऊ दिलं, आता त्याही भांडतात. पापडवाल्या शेठाणीचा निरोप्या आला तर त्याला सांगितलं की बाई गावाला गेल्यात, कधी येतील सांगता येत नाही. खिचडी मी करतो. कुकर लावत नाही, पातेल्यात करतो, ती खाली लागते आणि वर कच्ची राहते. कॉम्प्युटरवर आईने विणलेलं झाकण घातलं आहे, ते मी अजून काढलेलं नाही.

तर दाजी, झालं ते असं. माझ्या मनात फसवणूक नव्हती. तुमची चार माणसांत जी शोभा झाली तिच्याबद्दल मनापासून माफी मागतो. पुढच्या पत्रात ती एक ओळ लिहा, शिवी असली तरी चालेल. ताईस सविनय जय भीम, भाच्यांना आशीर्वाद, आणि फोटोची एक प्रत जमल्यास पाठवा, गयामावशींच्या प्रतीवर सगळ्या गल्लीचे अंगठे उमटलेत.

तुमचा आज्ञाधारक
कमळाकर

ता.क. १: वर त्यागाबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना मलाच कसंतरी झालं, म्हणून खरं लिहितो. गयामावशींच्या डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी मी काचेतून खरं विमान पाहिलं. इतक्या जवळून पहिल्यांदाच. त्याचा पंख वाऱ्याने हलत होता, आणि एक माणूस शिडीवर चढून स्क्रूड्रायव्हरने काहीतरी आवळत होता. मला आमच्या क्लासमधले स्क्रूड्रायव्हर आठवले आणि मी उलट बाहेरच्या दाराकडे चालायला लागलो. आईने माझ्याकडे बघितलं. तिने पिशवीतून लिमलेटची गोळी काढून माझ्या तोंडात घातली, मला बाकावर बसवलं आणि गयामावशींना हाक मारली. एवढंच झालं. हे बाबांना माहीत नाही, शेठना माहीत नाही, आणि टपरीवाल्याला तर कधीच कळता कामा नये.

ता.क. २: आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. गयामावशींनी बाबांना सांगितलं की विमान कॅम्पातल्या रिक्षापेक्षा कमी हलतं. तेव्हापासून बाबांनी ठरवलं आहे की आईला आणायला विमानाने जायचं, आणि येताना तिला गाडीने आणायचं. चाळीस वर्षं ते ज्या रस्त्याने गेले तो तिला खिडकीतून दाखवायचा आहे. कुठे चहा चांगला मिळतो, कुठे डबा बदलायला वेळ मिळतो, कुठे पहिल्यांदा उजाडतं, सगळं. विमानाची दोन तिकिटं काढ म्हणालेत, एक त्यांचं आणि एक माझं, शेजारी शेजारी, कारण मला त्यातली माहिती आहे. दाजी, तुमच्या पाया पडतो. तुम्ही आईला ताबडतोब कोणाही सोबतीबरोबर गाडीत बसवून द्या. नाहीतर बाबांना लिहा की नागपूरचा विमानतळ दुरुस्तीसाठी बंद आहे. मेहुण्यासाठी एवढं करा.

ता.क. ३: पाकीट चिकटवताना आठवलं की तुमच्याकडे आलेलं पत्र तुम्ही जेवणानंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचता. कृपा करून हे वाचू नका. आणि वाचून झालंच असेल तर ताजा कलम दोन रद्द समजा. पत्र पेनने लिहिलेलं आहे, खोडता येत नाही. काल रात्री बाबांनी माझ्याकडे एक निरोप दिला, तो मी चलाखीने गाळला होता. आईला तेवढाच वाचून दाखवा: बाबा विचारतात, कधी येऊ? (मी विचारलं असं तिला सांगू नको, असंही म्हणालेत. हे कंसातलंही वाचून दाखवा.)